सायकलचा हेडसेट ढिला झालाय की जाम? किनाऱ्यावरच्या सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उरकले, रस्ते वाळू लागले की पडवीतल्या सायकली बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर हे प्रश्नही निघतात. पुढून खडखड येते, हँडल जड झालंय, ब्रेक मारला की टक् वाजतं. आपल्याकडे यावर एकच इलाज माहीत आहे, तो म्हणजे नट आवळा. त्या आवळण्यापायी चांगले हेडसेट वाया जाताना पाहवत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलं आहे. उत्तरं अलिबागपासून रेडीपर्यंतच्या खाऱ्या, दमट पट्ट्यात सायकल चालवणाऱ्यांना समोर ठेवून दिली आहेत.

हेडसेट म्हणजे नेमका कुठला भाग?

फ्रेमच्या अगदी पुढे एक आखूड उभी नळी असते. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची, दांडी त्या नळीतून वर येते आणि तिला हँडल जोडलेलं असतं. नळीच्या वरच्या तोंडाशी एक आणि खालच्या तोंडाशी एक अशी दोन बेअरिंगं, म्हणजे बारीक गोळ्यांची (छर्र्यांची) कडी, असतात. ही बेअरिंगं, त्यांचे कप आणि त्यांना जागेवर ठेवणारे नट किंवा टोपी या सगळ्याला मिळून हेडसेट म्हणतात. हँडल वळतं ते यावर.

माझ्या सायकलला कुठल्या प्रकारचा हेडसेट आहे, कसं ओळखू?

हँडलच्या खाली, फ्रेमच्या नळीला लागून दोन मोठे नट एकावर एक दिसत असतील आणि त्यातून बारीक गोल दांडा वर आला असेल, तर तो आटेवाला हेडसेट. काळ्या रोडस्टर, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बास्केटवाल्या सायकली, दूधवाल्या-पाववाल्यांच्या सायकली बहुतेक अशाच.

मोठे नट नसतील, हँडल धरणारा स्टेम थेट जाड दांडीवर बसला असेल, त्याला बाजूने दोन ऍलन बोल्ट आणि डोक्यावर एक टोपी असेल, तर तो बिनआट्याचा. १९९० च्या दशकात हा प्रकार रुळला आणि आजच्या गिअरच्या, एमटीबी आणि हायब्रिड सायकलींना सहसा तोच असतो. दोन्ही जुळवायची रीत पूर्ण वेगळी आहे, म्हणून आधी हे बघा.

ढिला आहे हे खात्रीने कसं कळेल?

सायकल सपाट जमिनीवर उभी करा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी वरच्या कपाच्या सांध्यावर अशी ठेवा की अर्धं बोट फ्रेमवर आणि अर्धं वरच्या फिरत्या भागावर येईल. आता सायकल हलकेच पुढे-मागे ढकला. सांध्यात हालचाल असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळते. मग हेच खालच्या कपाशी करा, कारण ढिलाई पुष्कळदा तिथे जास्त जाणवते.

त्यानंतर चाक काटकोनात वळवा आणि परत हलवा. हे पाऊल पुष्कळजण गाळतात, आणि घोटाळा तिथेच होतो. चाक सरळ असताना जाणवणारी हालचाल ब्रेकच्या रबरांची, ती दाबणाऱ्या कॅलिपरची किंवा सस्पेन्शनची असू शकते. चाक आडवं करूनही कपाशी टक्टक् लागली, तर दोष हेडसेटचाच धरायला हरकत नाही.

आणखी एक सोपी खूण. पुढचं चाक बोटभर उचलून सोडा. जमिनीवर आपटताना टायरचा नेहमीचा बोजड आवाज येतो. त्यात धातूचा किणकिणाट मिसळला असेल तर बघायला हवं. मात्र घंटी, मडगार्डच्या तारा आणि बास्केट हीसुद्धा असाच आवाज करतात. त्या एका हाताने धरून मग ऐका.

ब्रेक मारला की टक् वाजतं, पण हेडसेट तर नीट आहे. मग काय?

पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, ढिला आहे का बघा: रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकाचे नट किंवा क्विक रिलीज घट्ट आहे का? ब्रेकचा मुख्य बोल्ट? डिस्क ब्रेकच्या पॅडला कॅलिपरमध्ये किंचित हलायला जागा असतेच, तो टक् निरुपद्रवी आहे. स्वस्त सस्पेन्शनच्या चिमट्यात आतली बुशं झिजली की अगदी हेडसेटसारखीच हालचाल होते. तेव्हा बोटं चिमट्याच्या वरच्या आणि खालच्या नळीच्या सांध्यावर ठेवून तपासा.

फार घट्ट झालाय हे कसं ओळखायचं?

सायकल मधल्या दांड्याला धरून पुढचं चाक हवेत उचला आणि फ्रेम थोडी डावीकडे, मग उजवीकडे कलवा. हँडल आपल्या वजनाने त्या बाजूला पडलं पाहिजे. अर्ध्यावर थांबलं, किंवा बोटाने ढकलावं लागलं, तर घट्ट आहे. केबल आखूड असतील तर त्याही अडवतात, तेवढं लक्षात घ्या.

चालवताना याची खूण वेगळीच असते. सायकल सरळ जात नाही, सतत हात द्यावा लागतो, डुलल्यासारखी जाते. सायकलचं पुढचं चाक बारीकसारीक वळणं घेत स्वतःच तोल सावरत असतं. हेडसेट जाम असला की ते सावरणं बंद पडतं आणि सगळं काम खांद्यांवर येतं. आरे-वारेच्या उतारावर समुद्राकडून आडवा वारा लागतो तेव्हा असं हँडल घेऊन उतरणं हे ढिल्या हेडसेटइतकंच वाईट आहे. ढिलाई वाजते म्हणून लोक घाबरतात. घट्टपणा वाजत नाही, म्हणून तो महिनोन् महिने तसाच राहतो आणि आत कप खात बसतो.

बिनआट्याचा हेडसेट घरी जुळवता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने शिकावा. लागतात फक्त ऍलन की, बहुतेक ४, ५ किंवा ६ मिलिमीटरच्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, इतके की स्टेम दांडीवर फिरू शकेल. ते काढून टाकायचे नाहीत. मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडासा आवळा, एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच-सात मिनिटांएवढाच. दर वेळी ब्रेक दाबून पुढे-मागे हलवून बघा. ज्या क्षणी सांध्यातली हालचाल संपते, तिथे थांबा. चाक उचलून हँडल स्वतःहून पडतंय ना, याची खात्री करा. पडत नसेल तर टोपी किंचित मागे फिरवा, चाक दोन-चारदा जमिनीवर हलकेच आपटून बेअरिंग मोकळं करा आणि पुन्हा जुळवा.

आता स्टेम पुढच्या चाकाच्या रेषेत आणा. सायकलच्या पुढे उभं राहण्यापेक्षा सीटवरून खाली बघितलं तर रेष चटकन कळते. मग बाजूचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. किती जोराने आवळायचं त्याचा न्यूटन मीटरमधला आकडा स्टेमवर छापलेला असतो, बऱ्याचदा ५ किंवा ६. तो जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर ऍलन कीची आखूड बाजू हातात धरा म्हणजे अंगातली सगळी ताकद लागणार नाही. शेवटी पुन्हा एकदा तपासा. कार्बनच्या दांडीवर मात्र अंदाजाने काम करू नका. तिथे टॉर्क पानाच हवा.

टोपीचा बोल्ट कितीही आवळला तरी ढिलाच राहतो. का?

तीन शक्यता, आणि पहिलीच बहुधा खरी निघते: स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल न करता टोपी आवळली जाते. स्टेम दांडीला घट्ट धरून बसलेला असताना टोपीचा जोर बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. टोपीचं काम फक्त जुळवण्यापुरतं आहे. जुळवलेलं धरून ठेवतो तो स्टेम. हे एकदा डोक्यात बसलं की या हेडसेटचे निम्मे प्रश्न सुटतात. तरीही जोर लावत राहिलं तर दांडीच्या आतला स्टार नट, ज्यात टोपीचा बोल्ट बसतो, तो वर ओढला जातो आणि मग खरंच दुकान गाठावं लागतं.

दुसरी शक्यता: टोपी दांडीच्या टोकाला टेकली आहे. टोपी काढून बघा. दांडीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली हवं. समपातळीत असेल तर एक पातळ स्पेसर, म्हणजे दांडीवर बसणारी रिंग, घाला.

तिसरी: बेअरिंग तुटलंय, उलटं बसवलंय किंवा एखादी रिंग राहून गेली आहे. तेव्हा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आटेवाला हेडसेट कसा जुळवायचा?

इथे वरचा कप स्वतः दांडीच्या आट्यांवर फिरतो आणि त्याच्यावर लॉकनट बसतो. दोघांच्या मध्ये एक वॉशर असतो, त्याला आतून बारीक जीभ असते आणि ती दांडीवरच्या खाचेत बसते. पाने दोन लागतात, त्यातला खालचा पातळ. एक इंची दांडीला सहसा ३२ मिलिमीटरचा पाना चालतो, सव्वा इंचापेक्षा जरा बारीक, म्हणजे १ १/८ इंची दांडीला ३६ चा. काही कपांना पाना बसायला सपाट बाजू नसते, नुसती खरखरीत कड असते. ते हातानेच फिरवायचे.

लॉकनट सैल करा. कप हाताने खाली फिरवत न्या, छर्र्यांना टेकला की जरासा मागे घ्या. आता कप पान्याने जागेवर धरून लॉकनट घट्ट करा. मग तपासा. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा जुळवणी चुकीची निघते, आणि ते स्वाभाविक आहे: लॉकनट बसताना कपाला खाली दाबतो, आट्यांमधली बारीक पोकळी भरून निघते आणि हेडसेट ठरवलेल्यापेक्षा घट्ट होतो. म्हणून आवळण्याआधी कप हवा त्यापेक्षा एका केसाने ढिला ठेवायचा. तो केस किती, हे प्रत्येक सायकलीचं वेगळं. दोन-तीनदा करावं लागलं तर कंटाळू नका.

किंचित घट्ट वाटला तर सगळं पुन्हा सोडायची गरज नसते. लॉकनट धरून ठेवा आणि कप त्याच्याकडे, म्हणजे वरच्या दिशेने, थोडा फिरवा. कप मोकळा होतो आणि दोघे एकमेकांवर आणखी पक्के बसतात.

वॉशरची जीभ झिजली असेल तर वॉशर कपाबरोबर फिरतो, दांडीचे आटे खरवडतो आणि हेडसेट दर आठवड्याला सुटतो. वॉशर बदला. स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यापायी अख्खा चिमटा फुकट जातो.

मुलीच्या सायकलचा हेडसेट पुन्हा पुन्हा सुटतो. दुकानात दर वेळी आवळून देतात.

पुढच्या बास्केटची पट्टी कुठे अडकवली आहे ते बघा. अनेक सायकलींना ती पट्टी लॉकनटच्या खाली, वॉशरच्या जागी घातलेली असते. जुन्या रोडस्टरना दिव्याचा आकडा असतो तोही तिथेच. बास्केटमध्ये दप्तर, छत्री, डबा आला की पट्टी हिसके देते आणि लॉकनट हळूहळू सोडते. पट्टी पातळ पत्र्याची असून वाकली असेल तर कितीही आवळा, उपयोग नाही. जाड, सपाट पट्टी बसवा आणि बास्केटचं वजन खालून, चाकाच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या आधाराच्या काड्यांवर येईल असं बघा. पट्टी घातल्यावर लॉकनटला पुरेसे आटे उरलेत ना, हेही तपासा. दोन-अडीच आट्यांवर लटकणारा लॉकनट टिकत नाही.

मोठा पाना नाही. छिन्नी-हातोडीने चालेल?

नाही. लॉकनटच्या कडा गोल होतात, कप अंडाकृती होतो. सरकता मोठा पाना लॉकनटला चालतो, नळाच्या कामाचा दातेरी पाना चालत नाही. पातळ पाना नसेल तर शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी आणा.

हँडल सरळ असताना खाचेत बसल्यासारखं अडकतं. जुळवून जाईल का?

जाणार नाही. कपाच्या पृष्ठभागावर छर्र्यांनी खळगे पाडलेत. खड्ड्यात आपटून असं होतं, असं सर्रास समजतात, पण खरं कारण जरा वेगळं आहे. सरळ रस्त्यावर हँडल फारसं वळत नाही, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी असतात. चिमटा मात्र हादऱ्यांनी पुढे-मागे लवत राहतो. छर्रे जागच्या जागी घासतात, मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि धातूवर धातू कुरतडला जातो. जांभ्या दगडाच्या ओबडधोबड पाखाड्या आणि पावसाने उखडलेले गावरस्ते हे काम लवकर उरकतात. ग्रीस वाहून गेलेलं असेल तर आणखीच लवकर.

उपाय म्हणजे कप आणि बेअरिंग बदलणं. नवा सेट हाती येईपर्यंत एक तोडगा आहे: जाळीतले छर्रे असतील तर जाळी काढून त्याच मापाचे सुटे छर्रे भरा. त्यांची संख्या वेगळी असल्यामुळे ते सगळे एकाच वेळी जुन्या खळग्यांत पडत नाहीत आणि हँडल बऱ्यापैकी मोकळं फिरतं.

समुद्राजवळ राहतो. किती वेळा उघडून साफ करायचा?

वर्षातून दोनदा, आणि हे मी आग्रहाने सांगतो. एकदा मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर. देशावर वर्ष-दोन वर्षं न उघडता चालतं, इथे चालत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये रत्नागिरीकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत खारी हवा आपलं काम करतच असते.

आधी मरतं ते खालचं बेअरिंग. भार त्याच्यावर जास्त, आणि पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी थेट त्याच्यावरच उडवतं. पावसाळ्यानंतर खालचा कप उघडलात की ग्रीसच्या जागी चहाच्या गाळासारखा लालसर चोथा निघतो. तो बोटांत चोळून बघा. मऊ, पिठासारखा लागला तर लाल मातीचा चिखल आहे, धुऊन निघेल. खसखशीत लागला आणि छर्र्यांवर काळे ठिपके दिसले, तर गंज पोचलाय. ते छर्रे टाका, पुसून परत घालू नका. ऍल्युमिनिअमच्या कपावर पांढरी भुकटी दिसली तर तीही गंजाचीच जात.

मुरुड-हर्णैच्या पुळणीवर किंवा गुहागरच्या ओल्या वाळूत सायकल घातली असेल, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत उघड्या डेकवर ती तुषार खात उभी राहिली असेल, तर घरी आल्यावर तांब्याने गोडं पाणी वरून ओता आणि पुसा. गाड्या धुण्याच्या पंपाचा फवारा हेडसेटवर मारू नका. तो सील ओलांडून मीठ आत ढकलतो. गाडीच्या मागे कॅरिअरवर सायकल लावून पावसातून मुंबई-कोकण करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मडगार्ड लावा. त्याच्या जोडीला जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून खालच्या कपावर आणि चिमट्याच्या खांद्यावर ताणून बसवा. हेडसेट उघडलेला असतानाच तो चढवावा लागतो. दिसायला बरा दिसत नाही, पण पाणी अडवतो.

कुठलं ग्रीस घालावं? घरचं खोबरेल चालेल?

खोबरेल नको. थंडीच्या पहाटे ते थिजतं, काही महिन्यांत चिकट होतं, आणि पाण्यापुढे टिकत नाही. शिवणयंत्राचं तेल आणि गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो स्प्रे उलट असलेलं ग्रीस धुऊन काढतो.

साधं लिथियम ग्रीस ठीक आहे. त्याहून चांगलं म्हणजे बोटींच्या कामाचं मरीन ग्रीस, जे खाऱ्या पाण्याने सहजासहजी धुतलं जात नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा, भाग कोरडे होऊ द्या, मग कप भरून ग्रीस लावा. इथे काटकसर नको. जास्तीचं बाहेर येईल ते पुसून टाकता येतं.

उघडताना छर्रे सांडले. किती होते कळेना.

खाली जुनं धोतर किंवा परात ठेवून उघडायचं, म्हणजे ही वेळ येत नाही. आता नवे घ्या, एक जुना माप म्हणून बरोबर न्या, आणि वरचे-खालचे एकत्र करू नका, कारण माप वेगळं असू शकतं. कपात ग्रीस लावून छर्रे ओळीने चिकटवा. ओळ भरत आली की एक छर्रा मावेल एवढी जागा मोकळी सोडा. ठासून भरले तर ते एकमेकांवर घासतात.

जाळीवाले असतील तर जाळी कुठल्या तोंडाने होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर जाळीच कपाला घासते आणि फिरवताना करकर लागते.

कार्ट्रिज बेअरिंग आहे. त्यालाही ग्रीस भरायचं?

कार्ट्रिज म्हणजे छर्रे आत बंद केलेलं अख्खं बेअरिंग. बोटावर घेऊन फिरवा. खरखरलं तर बदला. त्याच्या कडेवर बाहेरचा-आतला व्यास आणि ३६/४५ किंवा ४५/४५ असे कोनांचे आकडे कोरलेले असतात. ते सगळे जुळले पाहिजेत, नुसता व्यास जुळून भागत नाही. गावात मिळालं नाही तर हेच आकडे लिहून मागवा. बसवताना मात्र बेअरिंगच्या बाहेरून आणि बैठकीवर ग्रीसचा थर द्या, नाहीतर मिठाने ते फ्रेमलाच धरतं.

थोडा ढिला आहे. रविवारी आंबा घाट उतरायचाय, चालेल?

गावात बाजारापर्यंत जाऊन याल. घाट उतरू नका. जोरात ब्रेक लागतो तेव्हा प्रत्येक टक् बरोबर छर्रे कपावर आपटतात आणि वेगात हँडल थरथरू शकतं. जुळवायला अर्धा तास लागतो, तो शनिवारी काढा. आणि जुळवूनही ढिलाई जात नसेल तर चिमट्याचा खांदा आणि फ्रेमची पुढची नळी स्वच्छ पुसून नखाने तडे चाचपा. तडा सापडला तर सायकल तिथेच थांबवा.

नवीन सायकल महिन्याभरातच ढिली झाली. खराब निघाली का?

बहुधा नाही. नवे कप फ्रेममध्ये पूर्ण बसायला थोडं चालणं लागतं. एकदा जुळवा, नंतर स्थिर राहील.

हँडलचा दांडा चिमट्यात गंजून अडकलाय. वर-खाली होत नाही.

आटेवाल्या हेडसेटच्या सायकलीत, त्यातही ऍल्युमिनिअमचा दांडा लोखंडी चिमट्यात असेल तर, किनाऱ्यावर हे हमखास होतं. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करा, त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या, म्हणजे आतली पाचर सुटेल. तेवढ्याने दांडा हलला नाही तर सांध्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. हाच स्प्रे बेअरिंगला नको म्हटलं होतं, म्हणून वरच्या कपाभोवती फडकं गुंडाळा आणि नंतर हेडसेटला ताजं ग्रीस द्या. सकाळी पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल डावी-उजवीकडे पिळा. वर ओढायची घाई करू नका, आधी फिरू द्या. तरीही नाहीच हललं तर जोर थांबवून सायकल मिस्त्रीकडे न्या, चिमटा पिळवटला तर तो गेला. निघाल्यावर दांडा पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा आणि बसवताना त्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या आत राहील असं बघा.